अ‍ॅल्युमिनियमचे हलके बोल्ट दर पावसाळ्यानंतर जाम होतात, मुंड्या तुटतात: मारुती 800 आणि मालवणचा खारा वारा

गाडी मारुती 800, 1988 सालची. बाबांनी घेतलेली, आता माझ्याकडे. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, कार्ब्युरेटर, गाडीचं वजन जेमतेम साडेसहाशे किलो. घर मालवणात, समुद्र चालत पाच मिनिटांवर. गाडीचं सगळं काम मी घरीच, खळ्यात करते.

त्रास असा होता. चार वर्षांपूर्वी मी गाडीचे बाहेरचे आणि बॉनेटखालचे बरेचसे नट-बोल्ट काढून निळ्या रंगाचे अ‍ॅल्युमिनियमचे हलके बोल्ट बसवले. पहिला पावसाळा गेला आणि दसऱ्याच्या आधी मडगार्ड काढायला गेले, तर सहा बोल्टांपैकी दोन हललेच नाहीत आणि तिसऱ्याची मुंडी पान्यात तशीच निघून आली. नवे घातले. पुढच्या पावसाळ्यानंतर परत तेच. मग जास्त ताकदीचे, 7075 नावाच्या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचे महाग बोल्ट घातले. त्यातले दोन तर कोणी हात न लावता, नुसते बसल्या जागी तुटले. तिसऱ्या वर्षी कॉपर ग्रीस लावून बसवले, तेव्हा हाल आणखी वाईट. हे सगळं सविस्तर लिहितेय, कारण किनाऱ्यावर जुनी गाडी हौसेने सांभाळणाऱ्या बऱ्याच जणांचं असंच होत असणार, आणि हार्डवेअरच्या दुकानात सहसा एकच उत्तर मिळतं: "चांगल्या क्वालिटीचा घ्या."

क्वालिटीचा दोष फार थोडा होता. खरं कारण मला सांगितलं ते बोटींची आउटबोर्ड इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी. तुटलेली मुंडी आणि त्याचं भोक दाखवायला मी त्यांच्याकडे गेले होते. त्यांनी भोकाभोवतीची पांढरी पूड नखाने खरवडली, बोटांत चोळली आणि विचारलं, "ह्यां अल्युमिन लोखंडात कित्याक घातलस गो?" मग शेजारी पडलेल्या इंजिनाच्या पंख्याजवळ स्क्रूने बसवलेला एक ठोकळा दाखवला. जस्ताचा. अर्धा कुरतडल्यासारखा, खड्डे खड्डे पडलेला. "आमी जस्त मुद्दाम खावक घालतंव. तू बोल्ट घातलस."

त्या दोन वाक्यांत सगळं आलं. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटलेले असतील आणि मध्ये खारं पाणी असेल, तर त्याची बारीकशी बॅटरीच होते. त्यातला जो जास्त चटकन झिजणारा, तो दुसऱ्यासाठी मरतो. खाऱ्या पाण्यात हा क्रम साधारण असा लागतो: मॅग्नेशियम सगळ्यात आधी झिजतं, मग जस्त, मग अ‍ॅल्युमिनियम, मग साधं लोखंड, आणि सगळ्यात शेवटी स्टेनलेस आणि टायटॅनियम. म्हणजे लोखंडी पत्र्यात अ‍ॅल्युमिनियमचा बोल्ट बसवला की बोल्ट झिजणार, पत्रा वाचणार. आणि इथे आकाराचा हिशेब फार महत्त्वाचा. झिजणारा तुकडा लहान आणि वाचणारा मोठा असेल, तर सगळा मारा त्या लहान तुकड्यावर पडतो. एवढ्या मोठ्या बॉडीपुढे सहा एमएमचा बोल्ट म्हणजे ही जोडी उलटीच लावल्यासारखी. उलट मोठ्या अ‍ॅल्युमिनियमच्या भागात लहानसा स्टीलचा बोल्ट असेल, तर झीज मोठ्या पृष्ठभागावर पसरते आणि बरीच वर्षं निभावतं.

हे खरं की नुसतं ऐकीव, ते बघायला मी तीन बरण्या मांडल्या. लिटरभर पाण्यात 35 ग्रॅम मीठ, म्हणजे जवळजवळ समुद्राइतकं खारट. एकीत नुसता अ‍ॅल्युमिनियमचा बोल्ट, दुसरीत त्याच बोल्टवर साधा लोखंडी नट घट्ट केलेला, तिसरीत जस्ताचा मुलामा असलेला नट. तीन आठवड्यांनी पहिला बोल्ट थोडा काळवंडला होता, बाकी ठीक. दुसऱ्याच्या आट्यांवर पांढरट, पेजेसारखा गिळगिळीत थर, आणि तो पुसल्यावर खाली खड्डे. तिसऱ्यात नटाचा मुलामा पांढरा होऊन झडत होता आणि बोल्ट अजून शाबूत होता. ही पांढरी पेज वाळली की तिची कडक पूड होते आणि मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते. आट्यांत तीच दाबून बसते. बोल्ट जाम होतो तो हिच्यामुळे. मग आपण पाना लावून जोर करतो आणि मऊ, आधीच खाल्लेली मान पिळून तुटते.

आता निळ्या रंगाबद्दल. हा रंग म्हणजे अ‍ॅनोडायझिंग, धातूवर मुद्दाम चढवलेला कडक ऑक्साइडचा थर. तो चांगला बचाव करतो, पण पाना फिरवताना आट्यांवरून आणि मुंडीच्या कडेवरून तो खरवडला जातो, आणि नेमकं तिथेच लोखंड चिकटलेलं असतं. त्या थराचा दुसरा एक गुण मला फार महागात पडला. तो वीज वाहू देत नाही. बॅटरीच्या निगेटिव्ह केबलचं टोक बॉडीला जिथे आवळलेलं असतं, तिथला बोल्टही मी निळा घातला होता. टोकाखालच्या पत्र्यावर रंग होता, म्हणजे इतकी वर्षं अर्थिंग जात होतं ते जुन्या बोल्टच्या आट्यांतूनच. नव्या बोल्टने ती वाटच बंद केली. सकाळी स्टार्टर ओढून ओढून फिरायचा, हेडलाइट पिवळट, आणि मी बॅटरी बदलायला निघाले होते. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावून कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. 0.2 व्होल्टच्या आसपास किंवा खाली असलं तर अर्थिंग ठीक. माझ्याकडे व्होल्टाच्या वर जात होतं. पत्रा घासून उघडा केला, साधा जस्ताच्या मुलाम्याचा स्टील बोल्ट आवळला, वरून ग्रीस थापलं, गाडी एका झटक्यात सुरू. अर्थिंगच्या ठिकाणी रंगीत बोल्ट कधीच नको.

तुटलेला बोल्ट फेकून देऊ नका, त्याचं तुटलेलं तोंड उजेडात धरून बघा. बराच निकाल तिथेच लागतो. मान पिळल्यासारखी, गोल गोल फिरलेल्या रेघांची दिसली तर जास्त आवळला किंवा जाम झालेला काढताना तुटला. तोंड दाणेदार, सपाट, आणि त्यात एक भाग काळपट जुना आणि उरलेला लखलखीत ताजा असेल, तर चीर खूप आधी पडलेली होती आणि उरलेलं एक दिवस सुटलं. माझे 7075 चे दोन्ही बोल्ट असेच होते. हा मिश्रधातू ताकदीला जबरदस्त, पण त्याच्या सगळ्यात कडक अवस्थेत, म्हणजे टी6 मध्ये, सतत ताण आणि सतत मीठ मिळालं की आतून चिरत जातो. टी73 अवस्थेतला माल थोडा कमी ताकदीचा, पण हा आजार त्याला खूप कमी. मला पाकिटावर नुसतं "7075" दिसलं आणि मी खूश झाले. पुढचा टी कोणता, हे विचारायला हवं होतं.

स्टेनलेस किंवा टायटॅनियमचा बोल्ट काढताना कुईं आवाज होऊन मध्येच अडकला, तर तो प्रकार वेगळा. तिथे आटे एकमेकांना घासून गरम होतात आणि चिकटतात. अशा बोल्टांना इम्पॅक्ट मशीन लावायचं नाही. हाताने, सावकाश, ग्रीस लावूनच.

कॉपर ग्रीसने का बिघडलं, तेही याच हिशेबातलं. तांबं या क्रमात लोखंडाच्याही पलीकडे, वाचणाऱ्यांच्या बाजूला बसतं. आट्यांत तांब्याची पूड भरणं म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या बोल्टाला आणखी एक खाणारा आणून देणं. अ‍ॅल्युमिनियमसाठी जस्तवालं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट), नाहीतर बोटीवाले वापरतात ते मरीन ग्रीस. आणि ग्रीस लावलं की पाना हलका फिरतो, म्हणून टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, वीस-पंचवीस टक्के कमी ठेवायचा. साधा 8.8 ग्रेडचा (ही ताकदीची प्रत) सहा एमएमचा स्टील बोल्ट कोरडा साधारण 10 न्यूटन-मीटरला आवळतात. त्याच मापाचा 7075 चा बोल्ट मी 5 च्या वर नेत नाही. स्टीलपेक्षा अ‍ॅल्युमिनियम जवळजवळ तिप्पट ताणलं जातं, त्यामुळे हाताला "बसला" असं वाटेपर्यंत तो कधीच पुढे गेलेला असतो. टॉर्क पाना नसेल तर हे बोल्ट वापरू नका, असंच मी सांगेन.

आता वजनाचं. काढलेले जुने बोल्ट मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर टाकले: सहा एमएमचे चाळीस, आठ एमएमचे बारा, मिळून सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. त्याच मापाचे अ‍ॅल्युमिनियमचे साधारण दीडशे. फरक पावणेतीनशे ग्रॅम. एक लिटर पेट्रोल पाऊण किलोच्या जवळ भरतं, म्हणजे टाकीत तिसरा हिस्सा लिटरपेक्षा थोडं जास्त पेट्रोल कमी असण्याएवढाच हा फायदा. डिकीत पाच लिटरचा पाण्याचा कॅन घेऊन फिरत असाल, तर तो घरी ठेवा, एका क्षणात पाच किलो जातील. मला तरीही हे काम आवडतं. प्रत्येक बोल्ट हातातून जातो, गाडीचा कोपरा न् कोपरा माहीत होतो. पण वजनाच्या आशेने करणाऱ्याने आधी हा काटा बघावा.

हलका बोल्ट म्हणजे मुळातच चुकीचा, असंही नाही. बीएमडब्ल्यूच्या एन52 इंजिनात मॅग्नेशियमच्या ब्लॉकला कंपनीनेच अ‍ॅल्युमिनियमचे बोल्ट लावले, कारण तिथे स्टील लावलं असतं तर मॅग्नेशियम खाल्लं गेलं असतं. आणि ते बोल्ट एकदा काढले की फेकायचे, परत वापरायचे नाहीत. तिथे आधी शेजारचा धातू बघितला, मग बोल्ट ठरवला. मी उलटं केलं होतं.

म्हणून आता माझ्या गाडीवर वाटणी अशी आहे. लोखंडी पत्र्यात, म्हणजे मडगार्ड, बंपर, बॅटरीचा ट्रे, बॉनेटचं लॉक, इथे सगळीकडे 8.8 ग्रेडचे झिंक फ्लेक मुलाम्याचे स्टील बोल्ट. दुकानात "डॅक्रोमेट" म्हटलं की करड्या रंगाचे मिळतात, साध्या पिवळ्या-पांढऱ्या प्लेटिंगपेक्षा खाऱ्या हवेत कितीतरी जास्त टिकतात. प्लास्टिकचं एअर क्लीनरचं खोकं, केबिनच्या आतली प्लास्टिकं, डॅशबोर्ड, इथे अ‍ॅल्युमिनियम आनंदाने चालतं. समोर लोखंडी नट असेल तर मध्ये नायलॉनचं वायसर आणि ग्रीस. इंजिनवरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या झाकणांमध्ये, जिथे फक्त झाकण धरून ठेवायचंय तिथे, अ‍ॅल्युमिनियमचे बोल्ट चालतात. दोघे एकाच जातीचे, उष्णतेने सारखेच फुगतात. पण ग्रीसशिवाय नाही, आणि दर वर्षी एकदा सोडवून परत आवळायचे. टायटॅनियम फक्त दोन ठिकाणी लावलंय. त्याला मीठ काही करत नाही, पण भोकाजवळचा रंग उडाला असेल तर त्याच्यापायी शेजारचा पत्रा गंजतो. स्टेनलेसचंही तसंच. बोल्ट चकचकीत आणि त्याच्याखालून तांबूस ओघळ, हे किनाऱ्यावरच्या गाड्यांवर सर्रास दिसतं. भोकाची कड आधी प्रायमरने रंगवून मगच बोल्ट घालावा.

ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, चाकांचे नट, सीट, सीट बेल्ट, इंजिन माउंटिंग: इथे हलका बोल्ट नाही. कितीही चांगला मिळाला तरी नाही. कंपनीने दिलेल्या ग्रेडचाच बोल्ट, कंपनीच्याच टॉर्कला. नंबर प्लेटलाही हात लावू नका. एचएसआरपी, म्हणजे सरकारी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, स्नॅप लॉकनेच बसते.

विकत घेताना एक घोटाळा हमखास होतो. जपानी बांधणीच्या गाडीत आठ एमएमच्या बोल्टला बाराचा पाना लागतो आणि दहाच्या बोल्टला चौदाचा. बाजारातल्या साध्या बोल्टांना तेरा आणि सतरा. पाना वेगळा लागतो हे चालतं. पण दहा एमएमच्या बोल्टच्या दोन आट्यांमधलं अंतर आपल्या गाडीत बहुतेक ठिकाणी 1.25 एमएम असतं आणि दुकानदार 1.5 चा बोल्ट हातात ठेवतो. दोन आटे हाताने जातात, तिसऱ्याला अडतो. तिथेच थांबायचं. पाना लावून रेटलं तर भोकाचे आटे गेलेच.

जाम झालेला किंवा तुटलेला बोल्ट काढताना घाई करू नका. पत्र्यात अडकलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या बोल्टाला मी आधी दोन दिवस पेनिट्रेटिंग तेल पाजते. गरम करायचं असेल तर लक्षात ठेवा, अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे गरम असताना तो आणखी घट्ट होतो. गरम करून पूर्ण गार होऊ द्या. त्या आकसण्या-फुगण्यात पांढरी पूड तडकते आणि मग तेल आत जातं. पेट्रोलच्या पाइपजवळ तर ज्योत नकोच. मुंडी तुटलीच असेल तर मधोमध पंच मारून 3 एमएमच्या ड्रिलने सुरुवात, मग सहाच्या बोल्टसाठी 5 एमएम, शेवटी टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारून आटे साफ. अ‍ॅल्युमिनियम मऊ असल्याने हे काम अर्ध्या तासाचं आहे. फक्त पंच मधोमध बसला पाहिजे. एकदा ड्रिल बाजूला सरकला की तो लोखंड खातो आणि बोल्ट तसाच राहतो.

उलट प्रकार, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या झाकणात स्टीलचा बोल्ट तुटला असेल, तर घरातली तुरटी कामाला येते. झाकण गाडीवरून काढता येत असेल तर ते तुरटीच्या दाट, गरम पाण्यात बुडवून ठेवायचं आणि पाणी गरम राखत राहायचं. तुरटी साधं स्टील हळूहळू खाते आणि अ‍ॅल्युमिनियमला जवळजवळ हात लावत नाही. बोल्टाभोवती बुडबुडे दिसू लागले की समजायचं, काम चालू आहे. मला दीड दिवस लागला, बोल्टाची काळी भुकटी झाली, आटे शाबूत. भांडं स्टीलचं किंवा लोखंडी नको, काचेचं किंवा इनॅमलचं घ्यावं. आणि कार्ब्युरेटरची बॉडी यात कधीही घालू नका. ती बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची असते, तिचं नुकसान होईल.

एवढं सगळं करूनही मागच्या वर्षी एक कोडं उरलं होतं. पुढचे बोल्ट सुधारले, पण मागच्या बाजूचे, डिकीखालचे, अजून खराब होत होते. समुद्राकडे तोंड पुढच्या बाजूचं, वारा पुढूनच लागतो, मग मागे का? एका रविवारी बाजारातून येताना मासळीची टोपली डिकीत ठेवली, आणि घरी येऊन मॅट उचललं तेव्हा कारण समोर होतं. टोपलीतून गळलेलं पाणी पत्र्याच्या चुणीतून बरोबर त्याच चार बोल्टांवर उतरत होतं. बर्फ वितळलेलं, मिठाचं, मासळीचं पाणी, आठवड्यातून दोनदा. आता टोपली प्लास्टिकच्या खोल घमेल्यात असते.

दुसरी गोष्ट धुण्याची. समुद्रावरून आल्यावर गाडी खालून धुवावी, असं सगळेच सांगतात आणि मीही धूत होते. पण एप्रिल-मेमध्ये किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी मचूळ होतं. त्याच पाण्याने मी गाडी धूत होते, म्हणजे मिठाने मीठ. साधी परीक्षा: थोडं पाणी स्वच्छ काचेवर टाकून उन्हात वाळू द्या. पांढरा डाग राहिला तर त्या पाण्याने गाडीचा तळ धुऊ नका. उन्हाळ्यात मी नळाचं दोन बादल्या पाणी राखून ठेवते, आणि पावसाळ्यात पागोळ्यांखाली पिंप लावते.

यंदा कोजागरीनंतर सगळे बोल्ट एकदा सोडवून बघितले. अ‍ॅल्युमिनियमचे अकरा शिल्लक आहेत, त्यातले दहा दोन बोटांनी फिरले. अकरावा मागच्या मडफ्लॅपचा होता, चाकाने उडवलेल्या चिखलात कायम बुडालेला. त्याच्या जागी आता काळा नायलॉनचा बोल्ट आहे, अ‍ॅल्युमिनियमच्या निम्म्याहून कमी वजनाचा, आणि त्याला मीठ ओळखतही नाही. मडफ्लॅप धरायला तेवढी ताकद पुरते. पांढरा नायलॉन उन्हाने ठिसूळ होतो, म्हणून काळाच मागून घेतला.